आजीसाठीं वाचलेल्या कादंबऱ्या

सुट्टी संपून शाळासोबत्यांची गांठ पडली म्हणजे कोणी तरी विचारतोच, "सध्यां काय वाचतां?" उत्तरादाखल एखाद्या पुस्तकाचें नांव येतें व संभाषण तेथेंच संपतें. म्हणून आम्हां भावंडांच्या वाचनांत ह्या वर्षीं आलेल्या कादंबऱ्यांविषयीं थोडें सविस्तर लिहावें असें योजिलें आहे. 'श्यामची आई' येथें मुद्दामच घेतली नाहीं; ती न वाचलेला विद्यार्थी आपल्या शाळेंत सांपडणें कठीण.

कादंबरी म्हणजे अभ्यासाची चोरी, असें आमच्या वडिलांचें मत होतें, व आमचे परीक्षेचे निकाल पाहतां तें अगदींच निराधार नव्हतें. परंतु आजीची दृष्टि मंद झाल्यापासून रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिला वाचून दाखविण्याचें काम आम्हांकडे आलें, आणि आजीसाठीं आणलेल्या पुस्तकास वडिलांनाही हरकत घेतां येईना! अशा रीतीनें हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी आमच्या घरांत शिरली.

आपट्यांनीं इ. स. १८९० सालीं 'करमणूक' हें पत्र काढलें व त्यांतून ही कथा क्रमाक्रमानें प्रसिद्ध केली. त्या वेळीं त्यांचें वय अवघें सव्वीस वर्षांचें होतें. लहानपणींच लग्न झालेली यमू आपली हकीकत स्वतःच्या तोंडानें सांगते, आणि ती लिहिणारा पुरुष आहे ह्याचा वाचणारास थोड्याच वेळांत विसर पडतो. माहेर, सासरचा जाच, मग मुंबईच्या बिऱ्हाडांतील थोडे सुखाचे दिवस. हा मुंबईचा भाग घाईनें वाचूं नये. पुढील घाव त्यामुळेंच जिव्हारीं लागतो. वैधव्य आल्यावर यमूचें बळजबरीनें केशवपन होतें, त्या प्रकरणाशीं आमचा आवाज बसला, व पुस्तक एकाकडून दुसऱ्याकडे द्यावें लागलें.

आजी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तिनें आपल्या वडिलांच्या आत्याची गोष्ट सांगितली. तांबडें आलवण, कपाळापर्यंत ओढलेला पदर, मागल्या खोलींतलें वास्तव्य. लहानपणीं आजीस वाटे कीं आत्याचें डोकें जन्मापासूनच तसें असावें! आत्याचें नांव काय, असें आम्हीं विचारलें. सारेच तिला आत्या म्हणत. नांव आजीस आठवेना. घरांत तिचें एकही छायाचित्र नाहीं. दुसऱ्या दिवशीं वडिलांनीं गांवाकडील वृद्ध नातलगांस दूरध्वनि करून विचारलें; त्यांतही कोणास तें ठाऊक नव्हतें.

त्यानंतर वडिलांनीं आपण होऊन एक पुस्तक आणून दिलें. तें बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन'. हें १८५७ सालचें. म्हणजे विधवाविवाहाचा कायदा होऊन एकच वर्ष लोटलें होतें. मराठींतील पहिली कादंबरी हिलाच पुष्कळ जण म्हणतात. येथील नायिकाही यमुनाच. पतीबरोबर प्रवास करतांना ती ठिकठिकाणच्या विधवांची दुःखें पाहते व ऐकते, आणि पुढें तिजवरही तोच प्रसंग येतो. खरें सांगावयाचें तर गोष्टीपेक्षां येथें संवाद व उपदेश अधिक आहे, आणि धाकट्या भावास दोनदां झोंप लागली. तथापि आपट्यांच्या आधीं तेहतीस वर्षें कोणी तरी ह्याच दुःखाची विचारपूस करीत हिंडत होतें, हें कळल्यानें आम्हांस मोठा दिलासा वाटला. प्रथम आपटे व मग पदमनजी, असाच क्रम ठेवावा. उलट क्रमानें गेल्यास वाचक वाटेंतच थकेल.

सध्यां व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' चालू आहे. ही १९५५ सालची. माणदेशांतील धनगरांच्या वस्तीवर एक तरुण मास्तर शाळा चालवावयास येतो, आणि पोरें तर मेंढरांमागें गेलेलीं! वाक्यें लहान, शब्द माळरानावरचे. मोठ्यानें वाचावयास इतकें सोयीचें पुस्तक दुसरें आम्हांस मिळालें नाहीं. ज्या पालकांस कादंबरीची धास्ती वाटते त्यांनीं हिच्यापासून आरंभ करावा. आम्ही तालमीच्या बांधकामापर्यंत पोहोंचलों आहों. धाकटा भाऊ शेवटचीं पानें चोरून वाचून आला, तेव्हांपासून त्याचें तोंड उतरलें आहे. परंतु आजी त्याला कांहीं सांगूं देत नाहीं.