चाक कशानं राहतं

आधी एक खुलासा. माझी गाडी स्पोर्ट्स कार नाही. कागदोपत्री ती २००२ सालची होंडा सिटी आहे. चार दारं, मोठी डिकी, एकेकाळी डॉक्टर आणि बँक मॅनेजर वापरायचे तसली. पण बॉनेटखाली दीड लिटरचं व्हीटेक इंजिन आहे, १०६ हॉर्सपॉवरचं, आणि गाडीचं वजन जेमतेम एक टन. काटा वर चढला की तिचा आवाज बदलतो. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला ती डॉक्टरची गाडी आहे असं सांगून बघा. खरी दोन सीटांची स्पोर्ट्स कार नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनायची, सॅन स्टॉर्म नावाची. फायबरची बॉडी, रेनोचं इंजिन. ती मी फोटोतच पाहिली. होंडा सिटी भारतात आली १९९८ मध्ये, आणि अकोल्यातून फुटून आमचा वाशीम जिल्हा झाला तोही १९९८ मध्येच. त्यामुळे मंगरूळपीर तालुक्यात हीच माझी स्पोर्ट्स कार, यावर माझा दावा पक्का आहे.

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून ही गाडी आईला नागपूरला नेण्याच्या कामी येते. महिन्यातून एकदा तपासणी असते. शेलूबाजारला वर चढायचं, आणि पुढे सरळ रस्ता. १२० ची परवानगी आहे. आमच्या गावच्या रस्त्यावर ४० ला जे दुखणं लपून राहतं, ते तिथे ओरडायला लागतं. आधी एक बारीक घूं-घूं. रेडिओ बंद केला तरी येणारी. उजवीकडे वळण आलं की वाढायची, डावीकडच्या वळणाला कमी व्हायची. उजव्या वळणावर भार डाव्या चाकावर येतो, म्हणजे डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग. हे मला बाबांनी फोनवरच सांगितलं, गाडी न पाहता.

चाक काढलं तेव्हा दुसरी गोष्ट कळली. चार स्टडांपैकी एक तुटलेला होता. नट जागेवर दिसत होता, पण पान्याला हात लावताच नट आणि त्यातला अर्धा स्टड हातात आला. या चाकावर मी आईला दोनदा नागपूरला नेऊन आणलं होतं.

बाबांनी तो तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. तुटलेल्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग गुळगुळीत होता, आणि त्यावर एकामागे एक अर्धगोल रेषा, झाडाच्या बुंध्यात दिसतात तशा. उरलेला भाग खरखरीत, चकचकीत.

"हे एका दिवसाचं काम नाई," ते म्हणाले. "हळूहळू तुटत आलं. हे पांढरं दिसते ना, तेवढंच शेवटी तुटलं."

बाबांनी पस्तीस वर्षं ट्रॉल्यांचे हब आणि एक्सल दुरुस्त केले. तीन वर्षांपूर्वी लकवा झाला, उजवा हात गेला आणि अर्धा परत आला. तेव्हापासून टिनाच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात. लोक अजून येतात, विचारून जातात.

"चाक कायनं रायते, सांग," त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नट-स्टडनं.

"म्हणजे स्टडावर लटकते?"

हे मला माहीत होतं, तरी त्यांच्या तोंडून ऐकायला आवडतं. चाक स्टडावर लटकत नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, केसाएवढा, आणि ताणलेल्या रबरासारखा मागे यायला बघतो. त्या ओढीने रिंग हबच्या तोंडावर दाबली जाते. गाडीचा भार वाहतं ते दोन लोखंडांमधलं घर्षण. या गाडीच्या नटांना १०८ न्यूटन-मीटरचा टॉर्क सांगितलाय. ढोबळ हिशेब मांडला तर एका स्टडाचा दाब चार-साडेचार टन निघतो, म्हणजे जवळपास ४५ क्विंटल सोयाबीन एका नटाखाली. चार स्टडांचे १८० क्विंटल. एवढा दाब असेल तोवर रिंग तसूभर सरकत नाही आणि स्टडाला वाकावंच लागत नाही. दाब गेला की तोच स्टड प्रत्येक फेऱ्याला वाकतो. १२० च्या वेगात चाक सेकंदाला अठरा फेरे मारतं. शेलूबाजार ते नागपूर किती वेळा वाकला असेल, तो हिशेब मी केला नाही.

दाब गेला कशाने? सैल नटाने जातो, तसाच जास्त आवळल्यानेही जातो, आणि हे आपल्याकडे कुणाला पटत नाही. आधीच्या उन्हाळ्यात वाटेत एका पंक्चरवाल्याने पान्याला हातभर पाइप लावला होता आणि वर उभा राहिला होता. आपल्याकडे 'घट्ट' हा कौतुकाचा शब्द आहे. पण स्टड एका मर्यादेपुढे ताणला की तो परत येत नाही, लांबलेलाच राहतो. मग त्याच्यात ओढ उरत नाही. उरलेल्या तीन स्टडांपैकी दोघांचे आटे विरळ झालेले नुसत्या नखाला लागत होते.

बाबांना यावरून जुनी जीप आठवली. तिच्या डाव्या चाकांना उलटे आटे असायचे. फिरणाऱ्या चाकाने नट सैल पडू नये म्हणून अमेरिकेच्या लष्करी जीपपासून चालत आलेली पद्धत. नवीन पोऱ्या यायचा, सोडायचं म्हणून जीव खाऊन आवळायचा आणि स्टड कट्टकन तुटायचा. बाबांच्या मते त्यांच्या उमेदवारीतला अर्धा धंदा या उलट्या आट्यांवर चालला. पुढे निमुळत्या तोंडाचे, योग्य आवळलेले नट पुरतात हे कळलं आणि उलटे आटे गेले.

स्टड एकटे बदलून भागलं असतं, पण बेअरिंगचंही काम होतंच. एक्सलचा मोठा नट सोडला, ब्रेक बाजूला बांधून ठेवला, नकल काढून लेथवाल्या चाचांकडे नेली. त्यांच्या प्रेसवर हब बाहेर आला तो बेअरिंगची आतली रिंग अंगावर घेऊनच. येतोच तसा. चाचांनी ग्राइंडरने ती रिंग जवळजवळ आरपार कापली, शेवटचा पापुद्रा ठेवला आणि छन्नीचा एक ठोका दिला. रिंग फुटली. हबला ओरखडा नाही. मला ते बघायला कुठल्याही रीलपेक्षा भारी वाटलं. पण खालची बैठक झिजलेली निघाली. रिंग तिथे फिरत होती. म्हणजे हबही नवा. तो पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलमध्ये तिसऱ्या दिवशी आला.

२०२३ च्या कतारच्या शर्यतीत मॅक्लारेनच्या टीमने चारही चाकं १.८ सेकंदांत बदलली. त्यांना चाकाला एकच नट असतो, आणि पार्सलची वाट बघावी लागत नाही.

नवं बेअरिंग बसवताना दाब बाहेरच्या रिंगवरच द्यायचा. आतल्या रिंगवर दिला तर तो गोळ्यांमधून जातो आणि बेअरिंग बसायच्या आधीच मरतं. हब घालताना मात्र आतल्या रिंगला खालून आधार हवा. स्टडाच्या मानेला बारीक दाते असतात, ते हबमध्ये रुतून बसतात. काही जण हातोडीने ठोकतात. चाचांनी चारही प्रेसवर बसवले, एकेक करून, डोकं मागे पूर्ण टेकलं का ते बोटाने चाचपत.

शेडमध्ये सगळं परत जोडलं. हबचं तोंड आणि रिंगची मागची बाजू तारेच्या ब्रशने घासली. मध्ये गंज राहिला तर नट आवळला जातो आणि गंज चुरला की सैल पडतो. बाबांनी सवयीने तेलाच्या कुपीकडे हात केला. मी म्हटलं, नको, हा आकडा कोरड्या आट्यांचा आहे, तेल लावलं तर तेवढ्याच जोराला स्टड जास्त ताणला जाईल.

"ट्रॉलीले लावत होतो," ते म्हणाले.

"ट्रॉली वीसनं चालते बाबा."

त्यांनी कुपी खाली ठेवली. मग म्हणाले, नट मी आवळतो.

मी टॉर्क रेंच घेऊन बाजूला उभा राहिलो. अकोल्याहून आणला होता. १०८ वर लावला की तेवढा जोर पडताच कट्‌ वाजतो. बाबा साध्या पान्याने समोरासमोरचे नट आवळत गेले, डावा हात पुढे, उजवा नुसता टेकवलेला. पस्तीस वर्षांत त्यांनी आकडा कधी पाहिला नव्हता. पान्याला शेवटी जो एक जडपणा येतो त्यावर थांबायचं, एवढंच. चौथा नट झाल्यावर ते मागे सरकले आणि मान हलवली, बघ.

पहिल्या नटावर रेंच लावला. लगेच कट्‌. दुसरा, कट्‌. तिसरा थोडा हलला, मग वाजला. चौथा पाव फेरा फिरला.

बाबा त्या चौथ्या नटाकडे बघत होते. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला, रेंच मागितला, दांड्यावरचे आकडे डोळ्यांजवळ नेऊन वाचले आणि विचारलं, "ट्रॉलीच्या नटाले किती लावा लागते, हे कुठं लिहून रायते का?"

त्या संध्याकाळी फोनवर आम्ही तेच शोधत बसलो. दुसऱ्या दिवशी रेंच त्यांच्या खुर्चीशेजारी खिळ्याला टांगलेला होता.

नवीन नट शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा तपासायचे असतात, सगळं नीट बसलेलं असतं. महामार्गावर कडेला थांबता येत नाही, म्हणून पुढच्या वारीला पेट्रोल पंपावर थांबलो. आई मागे झोपली होती. घूं-घूं नव्हती, त्यामुळे तिला झोप लागली असावी. चारही नटांवर रेंच लावला. चारही जागेवर. डिकी बंद करतोय तोवर बाबांचा फोन.

"पाह्यले का?"

"हो. चारी वाजले."

"आणि उजव्या बाजूचे?"