पदराची उलटी बाजू

माझी पुतणी फॅशन ब्लॉगर आहे. नातेवाईक म्हणतात, "साड्या नेसते आणि फोटो काढते." मागे महिनाभर तिच्याकडे राहिले, तेव्हा कळलं की फोटो हा त्यातला सगळ्यात थोडा भाग. सकाळी उठल्याबरोबर मेल, दुपारी इन्स्टाग्रामवरच्या बायकांच्या प्रश्नांना उत्तरं, रात्री जेवण झालं की पुन्हा मेल. मला आपले सहामाहीचे पेपर आठवले. गठ्ठा काही संपत नाही!

एकदा एका दुकानाने साडी पाठवली. सोबत मेल, "हातमागाची पैठणी म्हणून नेसून दाखवा." पैसेही बरे देणार होते. तिने पदर उलटा करून माझ्यापुढे धरला. हाती विणलेल्या पैठणीच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. इथे मागे नुसते सुटे धागे. घराचा हप्ता डोक्यावर असताना पोरीने साडी परत पाठवली.

पैसे घेऊन लिहिलं तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट सांगावं, हा नियम ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये केला. चांगलंच झालं. पण 'जाहिरात' असं लिहिल्याने यंत्रमागाची साडी हातमागाची थोडीच होते? तिच्या शब्दावर कुणी लेकीच्या लग्नाची पैठणी घेणार, आणि येवल्यात मागावर बसलेल्याचं गिऱ्हाईक जाणार.

असो. तुमच्या कपाटात पैठणी असेल तर बघा जरा पदर उलटून.