ईश्वरी निवड आणि मानवी इच्छा

ख्रिस्ती धर्मविचार तीन विधाने एकाच वेळी करतो आणि ती तिन्ही एकत्र नांदवताना गेली सोळा शतके विचारवंतांची कसोटी लागली आहे. पहिले विधान असे की परमेश्वर सार्वभौम आहे, म्हणजे सृष्टीतील कोणतीही घटना त्याच्या सत्तेबाहेर घडत नाही. दुसरे असे की माणूस आपल्या इच्छेने वागतो आणि म्हणून आपल्या कृत्यांना जबाबदार ठरतो. आणि तिसरे असे की तारण, म्हणजे पापाच्या बंधनातून सुटून देवाशी पुन्हा जुळणारे नाते, ही माणसाची कमाई नसून देवाची कृपा आहे. पहिल्या आणि तिसऱ्या विधानावर भर दिला की दुसरे लटके पडते आणि दुसऱ्याला उचलून धरले की तिसऱ्याला बाध येतो, त्यामुळे चर्चच्या इतिहासात हा वाद मिटला असे वाटेपर्यंत नव्या शतकात नव्या नावाने उभा राहिलेला दिसतो.

मराठी वाचकाला येथे प्रारब्धाची आठवण होणे स्वाभाविक आहे, परंतु दोन्ही कल्पनांतील अंतर मोठे आहे. प्रारब्ध कितीही अटळ मानले तरी ते भोगणाऱ्याच्याच संचित कर्माचे फळ असते, त्यामुळे तेथे उशिरा का होईना पण हिशोब जुळतो. ख्रिस्ती परंपरेतील ‘निवड’ मात्र हिशोबाला मुळातच जागा देत नाही. याकोब आणि एसाव ही जुळी भावंडे आईच्या उदरात असताना, त्यांनी बरे किंवा वाईट काहीही केलेले नसताना, देवाने त्यांतील धाकट्याला निवडले, हे उदाहरण प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात मुद्दाम घेतो; आणि मग हा अन्याय नव्हे काय, हा प्रश्न कोणी विचारण्यापूर्वी तो स्वतःच विचारतो. म्हणजे या शिकवणुकीतील खुपणारी बाजू पुढच्या काळातील टीकाकारांनी शोधून काढलेली नाही, ती मूळ लेखनातच उघडपणे मांडलेली आहे.

त्याच अध्यायात पौल मिसरच्या फारोचा दाखला देतो आणि त्यासाठी निर्गम या पुस्तकातील कथा बारकाईने वाचण्यासारखी आहे. इस्राएल लोकांना सोडण्यास फारो नकार देतो, देशावर एकामागून एक पीडा येतात आणि प्रत्येक पीडेनंतर त्याच्या मनाची स्थिती नोंदवली जाते. ही नोंद तीन तऱ्हांनी होते: कधी फारोने आपले मन कठीण केले असे म्हटले आहे, कधी ते कठीण झाले किंवा तसेच राहिले एवढेच सांगितले आहे, तर कधी परमेश्वराने ते कठीण केले असे विधान आहे. पहिल्या पाच पीडांच्या वर्णनात हे तिसऱ्या प्रकारचे विधान येत नाही. सहाव्या, म्हणजे फोडांच्या पीडेनंतर ते प्रथम आढळते. यावरून, माणूस आधी स्वतः हट्ट धरतो आणि मग देव त्याला त्या हट्टाच्या स्वाधीन करतो, असा अर्थ काही भाष्यकार काढतात. तो सोयीचा असला तरी पुरता टिकत नाही, कारण आपण फारोचे मन कठीण करणार आहोत हे परमेश्वराने पहिल्या पीडेच्या कितीतरी आधी मोशेला सांगून ठेवलेले आहे. कथेत दोन्ही कर्ते शेवटपर्यंत कायम राहतात आणि त्यांपैकी एकाला वगळून ती सांगता येत नाही.

या प्रश्नाला सिद्धान्ताचे रूप आले ते पाचव्या शतकाच्या आरंभी. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन (354–430) याने आपल्या आत्मकथनात अशी प्रार्थना केली होती की देवाने हवी ती आज्ञा करावी, मात्र ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे. ब्रिटनमधून रोमला आलेल्या पेलागियस या तपस्व्याला ही प्रार्थना मुळीच रुचली नाही. रोममधील ख्रिस्ती लोकांचे सैल वर्तन तो पाहत होता आणि बळ मिळाल्यावर पाहू असे म्हणणाऱ्याला चांगले वागण्याची निकड कधीच वाटणार नाही, अशी त्याला धास्ती होती. देवाने आज्ञा केली त्या अर्थी ती पाळण्याची शक्ती माणसात असलीच पाहिजे, हे त्याचे सूत्र होते. ऑगस्टीनचे उत्तर असे की माणसाची इच्छा नष्ट झालेली नसून वाकलेली आहे. तिच्यावर बाहेरून कोणी बळजबरी करत नाही, ती आपल्याला आवडेल तेच निवडते, पण तिची आवडच बिघडलेली असल्याने ती देवाकडे आपण होऊन वळत नाही. म्हणून कृपेचे पहिले काम ही आवड पालटण्याचे असते. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसचे मत त्याज्य ठरवले. पुढे दक्षिण गॉलमधील मठवासीयांनी निदान विश्वासाचे पहिले पाऊल तरी माणसाचे असावे असा मध्यम मार्ग सुचवला, तेव्हा 529 मध्ये ऑरेंज येथील धर्मसभेने ते पहिले पाऊलही कृपेचेच असल्याचे सांगितले, मात्र त्याच वेळी देवाने कोणाला वाईटासाठी नेमले आहे हे मत निक्षून फेटाळले. येथे जी विषमता स्वीकारली गेली ती ध्यानात घेण्यासारखी आहे: तारणाचे श्रेय पूर्णपणे देवाचे आणि नाशाचा दोष मात्र माणसाचा.

धर्मसुधारणेच्या काळात हीच गाठ पुन्हा सुटी झाली. 1524 मध्ये इरॅस्मसने मुक्त इच्छेची बाजू मांडली, तर 1525 मध्ये ल्यूथरने इच्छा बद्ध आहे असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहून तिला उत्तर दिले. कॅथलिक चर्चमध्येही जेझुइट आणि डॉमिनिकन पंडितांचा कृपेच्या स्वरूपावरून प्रदीर्घ झगडा झाला आणि 1607 मध्ये पोप पाचवा पॉल याने कोणत्याही पक्षाला दोषी न ठरवता तो थांबवला. नेदरलँड्समध्ये मात्र असा संयम राहिला नाही. लायडन विद्यापीठातील प्राध्यापक आर्मिनियस (1560–1609) याचे म्हणणे होते की कृपेवाचून विश्वास अशक्य असला तरी माणूस त्या कृपेला नकार देऊ शकतो आणि कोण विश्वास ठेवील हे आधीच जाणून देव निवड करतो. त्याच्या निधनानंतर अनुयायांनी 1610 मध्ये ही भूमिका पाच कलमांत मांडली. नोव्हेंबर 1618 ते मे 1619 या काळात डॉर्डरेख्ट येथे भरलेल्या धर्मसभेने ती नाकारली आणि निवड पूर्वज्ञात विश्वासावर अवलंबून नसून विश्वास हेच निवडीचे फळ आहे, असा निर्णय दिला. या धर्मसभेच्या निर्णयपत्राला क्रूर नियतिवादाचा जाहीरनामा समजले जाते, पण ते अन्यायाचे आहे. कृपा माणसाला लाकडाचा ओंडका किंवा दगड समजून हाताळत नाही, ती इच्छेला मोडत नाही तर सजीव करते, असे त्यात स्पष्ट म्हटलेले आहे. क्रौर्य होते ते सभागृहाबाहेर. सुमारे 200 धर्मोपदेशकांना पदावरून दूर करण्यात आले आणि आर्मिनियसच्या अनुयायांना आश्रय देणारा वयोवृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट याचा 13 मे 1619 रोजी हेग येथे शिरच्छेद झाला. आरोप राजद्रोहाचा होता आणि त्यामागे राजकारणही होते, तरीही कृपेवर एवढा काथ्याकूट करणाऱ्या पक्षाला विजयाच्या क्षणी कृपा दाखवता आली नाही, हे नाकारता येत नाही.

या सिद्धान्ताची दुसरी परीक्षा इंग्लंडमध्ये झाली आणि तिचा धागा मराठी भाषेपर्यंत येऊन पोहोचतो. अठराव्या शतकात निवडीचा सिद्धान्त मानणाऱ्या काही बॅप्टिस्टांनी असा निष्कर्ष काढला होता की ज्यांना विश्वास ठेवण्याचे सामर्थ्यच नाही त्यांना विश्वास ठेवा असे आवाहन करणे व्यर्थ आहे. अमेरिकेतील जोनाथन एडवर्ड्झ याने 1754 च्या आपल्या ग्रंथात या तर्कातील दोष दाखवण्याचे साधन दिले. त्याने असमर्थतेचे नैसर्गिक आणि नैतिक असे दोन प्रकार केले: हात बांधलेला माणूस दान देऊ शकत नाही आणि कंजूषही देऊ शकत नाही, परंतु पहिल्याला कोणी बोल लावत नाही, तर दुसऱ्याची असमर्थता हाच त्याचा दोष असतो. या भेदाच्या आधारे अँड्र्यू फुलरने 1785 मध्ये सर्वांना आवाहन करणे हे कर्तव्य ठरवले आणि 1792 मध्ये विल्यम केरी या जोडे शिवून पोट भरलेल्या उपदेशकाने परदेशी धर्मप्रसारासाठी साधने वापरण्याच्या बांधिलकीवर पुस्तिका लिहिली. ‘साधने’ ही संज्ञा येथे कळीची आहे: जो देव साध्य ठरवतो तोच साधनेही ठरवतो, म्हणून निवडीवरील श्रद्धा माणसाला रिकामे बसू देत नाही. पुढे केरी बंगालमध्ये आला, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवू लागला आणि पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्याने 1805 मध्ये मराठी भाषेचे व्याकरण व 1810 मध्ये मोडी लिपीतील शब्दकोश प्रसिद्ध केला. सर्व काही देवाच्या हाती आहे असे मानणारा हा माणूस परक्या भाषेतील विभक्तिप्रत्यय गोळा करत बसला, यात त्याला विसंगती वाटली नाही.

एवढे होऊनही एक अडचण उरतेच. सर्वांचे तारण व्हावे ही देवाची इच्छा आहे असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हटले असेल, तर मग सर्वांची निवड का नाही, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कोणत्याही पक्षापाशी नाही. डॉर्डरेख्टचा निर्णय मानणारे, म्हणजे धर्मसुधारक कॅल्व्हिनचे अनुयायी, ते देवाच्या गूढ संकल्पावर सोपवतात, तर आर्मिनियसचे अनुयायी माणसाच्या नकारावर. पण तोच संदेश ऐकून एकाने नकार का दिला आणि दुसऱ्याने का दिला नाही, हे विचारले की दुसरा पक्षही गप्प होतो. फिलिप्पैकरांस पत्रात पौल वाचकांना भीत व कापत आपले तारण साधून घ्यायला सांगतो आणि लगेच त्याचे कारण म्हणून, इच्छा व कृती या दोन्ही त्यांच्यात देवच घडवतो, असे सांगतो. आधुनिक वाचक तेथे ‘तरीही’ची अपेक्षा करतो, तर पौल ‘कारण’ म्हणतो.

म्हणून या सिद्धान्ताचा खरा वापर कोठे होतो यावर त्याचे मोल ठरते. जो तो स्वतःला लावतो, त्याला आपल्या सद्गुणांचा ताठा उरत नाही आणि आपले श्रम वाया जातील ही भीतीही उरत नाही. जो तो शेजाऱ्याला लावून हा निवडलेला आणि तो टाकलेला अशी वर्गवारी करू लागतो, तो देवाने कोणालाही न दिलेला अधिकार बळकावतो. निवड ही तारण पावलेल्याने मागे वळून कृतज्ञतेने उच्चारायची गोष्ट आहे, दुसऱ्याच्या भवितव्यावर द्यायचा निवाडा नव्हे.