छातीपासून दहा इंच

आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचे, पुतणे परदेशी स्थिरावले आहेत आणि त्यांच्या हौशींच्या वार्ता आपल्यापर्यंत दूरध्वनीवरून पोहोचत असतात. कोणी सतार शिकू लागलेला असतो, कोणी पहाटे उठून धावू लागलेला असतो. माझ्या भाच्याला छंद जडला तो जुन्या मोटारीचा. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या परिसरात तो अभियंता आहे. गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे दोन महिने राहिले, तेव्हा या छंदातून उद्भवलेल्या एका प्रश्नात मला लक्ष घालावे लागले. तीस वर्षांच्या जुन्या स्पोर्ट्स कारमधील एअरबॅग काढून टाकावी काय, असा तो प्रश्न होता.

मी भूलतज्ज्ञ. यंत्रांविषयी मला फारसे कळते असा माझा दावा नाही. परंतु अपघातग्रस्त मोटारींतून बाहेर काढलेली माणसे पस्तीस वर्षे शस्त्रक्रियागृहात माझ्यासमोर येत राहिली. स्टिअरिंगवर छाती आदळली म्हणजे बरगड्यांचे, फुप्फुसांचे आणि हृदयाच्या स्नायूचे काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. जबडा मोडलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत नळी घालणे किती अवघड असते, हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच सांगते, की या प्रश्नाकडे पाहताना माझ्या डोळ्यांसमोर मोटार नव्हती, माणसाची छाती होती.

गाडी होती १९९४ सालची माझदा मियाटा. लालभडक, बसकी, वजनाने जेमतेम टनभर, छत दुमडून मागे टाकता येणारी आणि दोनच आसनांची. १९८९ साली शिकागोच्या वाहन प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांसमोर आली. अमेरिकेत विकल्या गेलेल्या मियाटामध्ये चालकासाठी एअरबॅग प्रारंभापासून होती; शेजारच्या आसनासाठी ती १९९४ च्या मॉडेलपासून आली. अर्थात भाच्याच्या गाडीत दोन्ही होत्या. तिचे मूळ स्टिअरिंग जाडजूड, मधोमध फुगीर. ते वरखाली करण्याची सोय नाही. उंच माणसाचे गुडघे त्याला अडतात आणि भाचा सहा फुटांचा. त्याने लाकडी कडे असलेले, लहान व्यासाचे एक देखणे स्टिअरिंग मागवून ठेवले होते. ते बसवायचे तर मूळ स्टिअरिंगबरोबर त्यातील एअरबॅगही जाणार, हे ओघानेच आले.

भाचेसुनेलाही एअरबॅग नकोच होती, मात्र तिचे कारण वेगळे. तिची उंची चार फूट अकरा इंच. पेडलपर्यंत पाय पोहोचावेत म्हणून ती आसन अगदी पुढे ओढून बसते. "मावशी, ही जुनी पिशवी माझ्या तोंडावर फुटली तर? यापेक्षा नसलेली बरी," असे ती म्हणाली. नवरा-बायकोचे असे एकमत झालेले पाहून घरातील वडीलधाऱ्यांना समाधान वाटावे. मला मात्र काळजी वाटू लागली. एकाला सोयीसाठी आणि दुसरीला भीतीपोटी एकच गोष्ट हवी असली, म्हणजे तिच्याविरुद्ध बोलणारे घरात कोणी उरत नाही.

भाचेसुनेची भीती निराधार नव्हती, हे आधी नमूद करायला हवे. एअरबॅगला आपण कौतुकाने उशी म्हणतो. पण ती उमलते ती स्फोटाच्या बळावर. धडक बसताच संवेदक इशारा देतो, ठिणगी पडते, धातूच्या डबीतील रसायनाचे क्षणार्धात वायूत रूपांतर होते आणि सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी अवधीत पिशवी फुगते. फुगताना तिचा वेग ताशी तीनशे किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. पूर्ण फुगून झाल्यावर, छिद्रांतून वायू बाहेर पडू लागलेला असताना, माणूस तिच्यावर विसावला तर ती उशी. फुगत असतानाच माणूस तिच्या वाटेत असेल, तर तो तडाखा.

त्यातही १९९० च्या दशकातील अमेरिकी एअरबॅग अधिक जोरकस असत. ताशी तीस मैलांच्या धडकेत सीटबेल्ट न लावलेल्या, प्रौढ पुरुषाच्या आकाराच्या पुतळ्याला पिशवीने सावरले पाहिजे, अशी तेव्हाच्या चाचणीची अट होती. बेल्ट न लावणाऱ्या धिप्पाड माणसासाठी बेतलेला तो जोर, बेल्ट लावून पुढे सरकून बसणाऱ्या लहान चणीच्या स्त्रीलाही तसाच सोसावा लागे. १९९० ते २००८ या काळात अमेरिकेत कमी वेगाच्या अपघातांत समोरच्या एअरबॅगच्या तडाख्याने २९० हून अधिक माणसे दगावली आणि त्यांतील जवळजवळ नव्वद टक्के मृत्यू १९९८ पूर्वी तयार झालेल्या गाड्यांत घडले. १९९७ साली नियम बदलला आणि पुढच्या पिशव्या सौम्य झाल्या. भाच्याची गाडी त्याआधीची.

हे वाचून आपणही म्हणाल, की मग काढून टाकणेच शहाणपणाचे. थोडे थांबावे. त्या मृतांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक जणांनी बेल्ट लावलेला नव्हता किंवा नीट लावलेला नव्हता. आणि तराजूचे दुसरे पारडे असे : अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या अनुमानानुसार १९८७ ते २०१७ या काळात समोरच्या एअरबॅगमुळे पन्नास हजारांहून अधिक जीव वाचले. समोरासमोरच्या धडकेत चालकाच्या मृत्यूची शक्यता एअरबॅगमुळे सुमारे २९ टक्क्यांनी घटते. बेल्ट छातीला धरून ठेवतो. डोके मात्र मानेवरून पुढे झुकतेच आणि त्याच्या वाटेत लाकडी कड्याचे ते देखणे स्टिअरिंग येते.

दुसरी भीती जुनेपणाची. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचे प्रकरण आपण वृत्तपत्रांतून वाचले असेल. त्या पिशव्यांत अमोनियम नायट्रेट वापरले होते. उष्णता आणि दमटपणा यांमुळे वर्षानुवर्षांत त्याची घडण बिघडे आणि स्फोटाबरोबर डबीचेच तुकडे होऊन माणसाच्या गळ्यात घुसत. एकट्या अमेरिकेत सुमारे पावणेसात कोटी पिशव्या परत बोलवाव्या लागल्या. आपल्याकडे वा परदेशी, २००० नंतरची जुनी गाडी घेत असाल तर तिचा चासी क्रमांक देऊन अशी परतबोलावणी प्रलंबित आहे काय, हे अवश्य तपासावे. बदली विनामूल्य असते. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत मात्र सोडियम अझाइड असे. हवाबंद डबीत ते दीर्घकाळ टिकते. त्या काळच्या काही कंपन्या दहा वा पंधरा वर्षांनी तपासणी करा अशी पट्टी गाडीत लावीत, यावरून त्यांनाही पूर्ण खात्री नव्हती असे म्हणता येईल. पण खात्री नसणे आणि धोका सिद्ध होणे या दोन गोष्टी मी माझ्या व्यवसायातही वेगळ्या ठेवीत आले.

सोडियम अझाइड आम्हा डॉक्टरांच्या परिचयाचे आहे. प्रयोगशाळेतील काही द्रावणे नासू नयेत म्हणून ते अत्यल्प प्रमाणात घालतात. पोटात गेल्यास ते सायनाइडसारखे पेशींचा श्वास रोखते आणि रक्तदाब कोसळतो. पिशवी फुगते तेव्हा ते जळून त्याचा निरुपद्रवी नायट्रोजन होतो. न फुगलेल्या पिशवीत ते तसेच असते. म्हणून घरच्या गॅरेजात बसून असली डबी उघडून पाहणे, तिच्या तारांना चाचणीचा दिवा लावणे, हे प्रकार प्राणावर बेतू शकतात. बॅटरीची तार सोडवली तरी नियंत्रक पेटीत काही काळ वीज साठून राहते, हेही भाच्यानेच मला सांगितले. तो हे सारे जाणून होता आणि तरीही स्वतः काढायला निघाला होता. त्याला कारण होते. परिसरातील एका गॅरेजने हे काम स्पष्ट नाकारले होते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार विक्रेत्याला किंवा दुरुस्तीच्या व्यावसायिकाला सुरक्षेची अशी साधने निकामी करता येत नाहीत. स्वतः मालकाने आपल्या गाडीत तसे केले तर तो कायदा आड येत नाही. राज्याराज्यांचे नियम निराळे. जे काम प्रशिक्षित माणसाने करू नये असे कायदा म्हणतो, ते अप्रशिक्षिताने केले तर चालते, ही विसंगती मला अजून उलगडलेली नाही.

"शर्यतीच्या गाड्यांत कुठे असते एअरबॅग?" असे भाच्याने विचारले. खरे आहे, नसते. पण तेथे चालकाला पाच-सहा पट्ट्यांनी जखडलेले असते, डोक्याला शिरस्त्राण असते, मानेला आधार देणारे साधन असते आणि भोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो. यातले एकच उचलून रस्त्यावरच्या गाडीत आणले तर ते उलटते. शिरस्त्राणाविना बसलेल्या माणसाच्या डोक्यामागे पोलादी नळी असणे हा नवाच धोका. आजारी माणसाने चार औषधांपैकी आपल्याला रुचलेले एकच घ्यावे, तशातला हा प्रकार.

मग भाचेसुनेसाठी काय? येथे मला एका जुन्या निर्णयाचा आधार मिळाला. १९९७ साली वॉशिंग्टनमध्ये डॉक्टरांची एक परिषद याच प्रश्नावर भरली होती : कोणत्या आजारांत एअरबॅग बंद करण्याची शिफारस करावी? पेसमेकर, दमा, चष्मा, पूर्वीची मानेची किंवा पाठीची शस्त्रक्रिया, वार्धक्य, अस्थींची ठिसूळता, गर्भारपण, यांपैकी कशासाठीही ती करू नये, असे त्यांचे मत पडले. कळीचा मुद्दा त्यांनी एकच मानला. छातीचे हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत दहा इंच अंतर राखता येते काय? पिशवीचा सर्वांत घातक टप्पा म्हणजे उमलण्याचे पहिले दोन-तीन इंच. दहा इंचांत त्यापुढे पुरेसा अवकाश उरतो.

म्हणून आम्ही शिवणकामाची फीत घेऊन गाडीत बसलो. भाचेसुनेच्या नेहमीच्या बैठकीत अंतर भरले साडेसात इंच. आसन दोन खाचा मागे घेतले, पाठ किंचित कलती केली. रस्ता नीट दिसेना, तेव्हा खाली न घसरणारी, घट्ट अशी पातळ बैठक घातली. साडेनऊ. त्यावर भाचा म्हणाला, "बघ मावशी, होत नाही." दुसऱ्या दिवशी ती जाड तळव्याचे, सपाट बूट घालून आली आणि फितीवर दहा इंचांच्या थोडे पुढचे माप आले. क्लच पूर्ण दाबून पाहिला, दहा वेळा दाबून पाहिला. हात घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी धरायला सांगितले, म्हणजे पिशवी फुगली तरी मनगटे चेहऱ्यावर फेकली जात नाहीत. हे करूनही दहा इंच साधत नसते, तर बंद करण्याचे बटण बसवून घेण्यासाठी सरकारी परवानगीचा अर्ज करता आला असता. तशी तरतूद १९९८ पासून आहे आणि तो मार्ग मी स्वतः सुचवला असता.

शेजारच्या आसनाची गोष्ट वेगळी. त्यांची मुलगी चार वर्षांची आहे आणि लाल गाडीसाठी जीव टाकते. दोन आसनी गाडीत मागची जागाच नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना मागे बसवावे, हा नियम अशा गाडीत पाळताच येत नाही. मागे आसन नसल्यास शेजारची एअरबॅग बंद करण्यास तेथे परवानगी मिळू शकते; परंतु त्यांच्या घरी मागची आसने असलेली दुसरी गाडी उभी असताना हा खटाटोप कशासाठी? पोरीने दोन दिवस अबोला धरला. तिच्या आईने तो सोसला, हे मला मनापासून आवडले.

हे आपल्याला दूरचे वाटू नये. २०२४ च्या डिसेंबरात नवी मुंबईत वाशी येथे पुढच्या आसनावर बसलेले एक बालक एअरबॅगच्या आघाताने दगावले. आपल्याकडे चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारची त्यानंतर. म्हणजे आता बहुतेक नव्या गाड्यांत ती आहे आणि मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची सवयही आहे. मांडीवरचे मूल पिशवी आणि आपण यांच्यामध्ये येते. पुढच्या सावलीच्या झडपेवर चिकटवलेली सूचना आपण कधी वाचली आहे काय?

भाच्याने लाकडी स्टिअरिंग परत पाठवले नाही. ते गॅरेजच्या भिंतीवर टांगले आहे आणि दिसते मात्र खरोखर सुरेख. स्वतःच्या गुडघ्यांसाठी त्याने आसनाच्या गादीतील स्पंज थोडा कमी करून घेतला. एअरबॅगचा इशारादिवा चावी फिरवताच काही क्षण लागून विझतो की नाही, हे तो आता दर वेळी पाहतो. पिशवी काढून त्या दिव्याला फसवण्यासाठी तारेला रोधक जोडण्याची युक्तीही हौशी मंडळींत प्रचलित आहे, असे त्याने सांगितले. पुढे ती गाडी विकत घेणारा माणूस पिशवी आहे असे समजून चालवत राहतो. भाचेसुनेने आसनाच्या रुळावर नखरंगाने एक पांढरी रेघ ओढली आहे. भाचा चालवून उतरला, की ती आधी आसन त्या रेघेवर आणते आणि मग बूट बदलते.