मुलुंडचे पाच रस्ते आणि एक बैठे घर

वाचकहो, मुंबईला गेलात की तुम्ही राणीची बाग आणि सिद्धिविनायक करून परत फिरता. पुढच्या खेपेस ठाण्याच्या अलीकडे, मुलुंडला उतरा. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला मिठागरे आणि मधून आगगाडी, असे हे उपनगर.

‘लगान’ चित्रपटातले चंपानेर तुम्हाला आठवत असेल. घरे इतकी खरी, की आपल्याच गावाची आठवण व्हावी. ते गाव कच्छमध्ये भुजजवळच्या कुनरियाच्या शिवारात तिथल्याच माणसांना हाताशी धरून उभे केले होते. चित्रीकरण झाले २००० साली. ते उभे करणारे कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई. जन्म १९६५ चा, दापोलीकडचा; पण शाळा मुलुंडची, वामनराव मुरंजन हायस्कूल. दापोलीच्या कृषी महाविद्यालयात मीही चार वर्षे काढली, म्हणून हा माणूस मला उगाच आपल्या आळीतला वाटतो.

त्यांच्या लहानपणीचे मुलुंड पाहावे म्हणून मी गेलो. पाच रस्त्यांचा चौक सापडला. १९२२ च्या सुमारास आखलेले सरळ रस्तेही जागेवर आहेत. पण चाळी आणि कौलारू बैठी घरे जाऊन तिथे मान मोडेपर्यंत वर पाहावे लागणारे मनोरे उभे आहेत. बांधावरची खूण तेवढी उरावी आणि शेत निघून जावे, तसे झाले आहे.

देसाईंचा धंदाच मुळी पाडायची घरे बांधण्याचा. लग्नाचा मांडव जसा लग्नापुरता, तसा सेट चित्रीकरणापुरता. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’ या चार चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. २००५ साली कर्जतजवळ स्वतःचा स्टुडिओ काढला. तिथेच २ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांचा अंत झाला. सेट मोडला तरी पडद्यावर घर राहते. मुलुंडच्या घरांचे तसे काही राहिले नाही, आणि खरे सांगायचे तर आमच्या गावच्या माझ्या मातीच्या घराचेही नाही. स्लॅब टाकायच्या घाईत आम्ही त्याचा एक फोटोसुद्धा काढून ठेवला नाही. ओटीची लांबी किती होती, यावर आजही आम्हा भावांत वाद होतो. तुमचे जुने घर अजून उभे असेल, तर पोराला टेप देऊन आधी मापे घ्यायला लावा.

परतताना एका गल्लीत अचानक एक कौलारू घर दिसले. दारात तुळस, कुंपणाशी कढीपत्ता. मी पावलांनी ओटी मोजू लागलो, तोच आतून एक आजी बाहेर आल्या.

“काय मोजताय? बिल्डरकडून आलात का?”

“नाही आजी, मी शेतकी खात्यातला.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“मग इकडे या. ह्या कढीपत्त्याची पानं कोण खातंय, ते बघा आधी.”

हिरवी अळी होती, फुलपाखराची. हातानेच वेचली.