बेटांची वही

लक्षद्वीपला जायचं हे आमच्या घरात दोन वर्षांपासून ठरतं आहे आणि मोडतं आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा. शाळेच्या एका जुन्या वहीत मी बेटांची नावं लिहून ठेवली आहेत: कवरत्ती, अगत्ती, कडमत, कल्पेनी आणि अगदी दक्षिणेला मिनिकॉय. कोचीहून जहाजानं निघायचं, एकेका बेटावर तीन दिवस राहायचं आणि अठरा-वीस दिवसांनी परत यायचं.

इतकं लांब कशाला, मुरुडचा जंजिरा काय वाईट आहे, असं लोक विचारतात. वाईट काहीच नाही. पण तिथली जवळजवळ सगळी वस्ती मुसलमानांची, आम्हा कोकण्यांसारखीच शाफई, आणि तरी कुळ मात्र आईचं. घराण्याची मालमत्ता आईकडून मुलीकडे येते. मूळच्या मराठी असलेल्या लीला दुबे यांनी कल्पेनीच्या या चालीवर १९६९ साली पुस्तक लिहिलं. पूर्वी तिथे नवरा रात्री बायकोकडे यायचा आणि सकाळी आपल्या आईच्या घरी जायचा, हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "आईला बरं की ते!"

शाफई असल्याचा प्रवासात फायदाही आहे. कसर तर आहेच, शिवाय जुहर आणि असर एकत्र पढता येतात. मुक्काम चार दिवसांच्या आत असला की कसर सुटत नाही. मुलीनं वहीत प्रत्येक बेटापुढे तीनचा आकडा घातला आहे तो याच हिशोबानं. तिच्या अब्बांना वाटलं, पैशांचा हिशोब आहे.

परवान्याचे अर्ज, पावसाळा संपायची वाट, मुलाच्या दम्याची औषधं आणि पंप, हे सगळं होतं. दमा जास्त झाला तर कवरत्तीला इस्पितळ आहे, त्यापुढचं काही लागलं तर हेलिकॉप्टरनं कोची. ही ओळ वहीत मी लाल शाईनं लिहिली आहे.

खरी अडचण नानी आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. त्यांत नानीचा थोरला भाऊ होता. नानी तेव्हा सात वर्षांची. तेव्हापासून आमच्या घरातली लहान मुलं बोटीत बसली नाहीत. रेवसहून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते, तरी अम्मी आम्हाला पेण-पनवेलवरून एस.टी.नं मुंबईला न्यायची. मी उलटी करत जायचे. समुद्र मी नेहमी किनाऱ्यावरूनच बघितला, आणि अजूनही लाँचची फळी ओलांडताना माझे पाय लटपटतात. ही भीती मुलांना द्यायची नाही, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

पण भीती अगदीच खोटी नसते. अनेक बेटांवर जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर, खोल पाण्यात थांबतं. जहाजाच्या कुशीतलं दार उघडतात, खाली लहान होडी लाटेबरोबर वर येते आणि खाली जाते, आणि ती वर आली की पाऊल टाकायचं. मोठ्यांचं ठीक आहे. पाच वर्षांच्या मुलाला कुणाच्या तरी हातात द्यावं लागतं. हे मी नानीपासून लपवलं होतं. मुलानंच तिला हातवारे करून सांगितलं.

नानी रागावली नाही. "दर्यावर लेकरांना नावानं हाक मारू नको," एवढंच म्हणाली. मग बऱ्याच वेळानं विचारलं, "होडीत आधी कोण उतरणार?"

याचा विचार मी केला नव्हता. एवढी वही भरली, जेवणापासून जाबापर्यंत सगळं लिहिलं, आणि हेच राहिलं होतं.

त्या रात्री आम्ही दोघं बसलो. मिनिकॉय खोडलं. कल्पेनीपुढे सुमारे २०० किलोमीटर उघडा समुद्र आहे, तो पुढच्या खेपेला. कडमतही खोडलं. मुलगी रुसली, तिनं आपल्या नकाशावर दोन्ही बेटं तशीच ठेवली. उरलेल्या तीन बेटांपुढे मी लिहिलं: आधी अब्बा, मग मुलगा, मग मुलगी, शेवटी मी.

दुसऱ्या दिवशी नानीला ते वाचून दाखवलं. तिनं परत एकदा वाचायला सांगितलं.