यंत्राच्या अलीकडे

पुलगाव, जि. वर्धा
दिवाळीनंतरचा रविवार

चि. गुड्डीस,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. नेफ्रॉलॉजी संपवून पुढची सगळी वर्षं संशोधनात घालवायची, आणि तीही आपल्या वर्ध्यात, हे वाचून तुझी आई धसकली आहे. मी नाही. पण तू विचारलंस त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे. डायलिसिसवर काम करू की किडनीच्या कार्यावर? तुझे सर म्हणतात, डायलिसिस यंत्राच्या मेम्ब्रेनवर कर, पैसा तिथे आहे. सरांचं काही चुकत नाही. पैसा तिथेच आहे.

यंत्राची ओढ मला कळते. विलेम कोल्फ नावाचा डच डॉक्टर १९४३ मध्ये, देशावर जर्मनांचा कब्जा असताना, काम्पेनसारख्या लहान गावातल्या इस्पितळात सॉसेजच्या वेष्टणाची सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळतो आणि तिच्यातून माणसाचं रक्त फिरवतो, हे विद्यार्थी असताना वाचलं तेव्हा माझी झोप उडाली होती. त्याचे सुरुवातीचे जवळजवळ सगळे रोगी दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली. तोवर दोन वर्षं एकेक माणूस हातातून जाताना बघायचं आणि तरी पिंप फिरवत राहायचं! असली छाती तुझ्यात असेलही, पण आता तिची तितकी गरज उरलेली नाही. मेम्ब्रेनचं काम आज मोठमोठ्या कंपन्या करतात, आणि बरं करतात.

पुढे १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नरने टेफ्लॉनची नळी हातातच बसवून ठेवली आणि डायलिसिस पुन्हा पुन्हा करता येऊ लागलं. त्याचा पहिला रोगी क्लाइड शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षं जगला. लगेच दुसरा पेच पडला. यंत्रं मोजकी, रोगी पुष्कळ. मग कोणाला यंत्र द्यायचं हे ठरवायला तिथे नागरिकांची एक समिती बसली. त्या समितीवर जगाने पुष्कळ टीका केली. आपल्याकडे समिती नव्हती, सातबारा होता. कोरडवाहू तीन एकर म्हणजे किती महिन्यांचं डायलिसिस, हा हिशेब माझ्या टेबलासमोर बसून घरच्यांनी केलेला आहे, आणि कधी कधी रोगी तिथेच बाजूला बसलेला असे.

आता तसं नाही म्हणतात, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. २०१६च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला तेव्हा सांगितलं गेलं की देशात दर वर्षी २.२ लाख नवे रोगी किडनी निकामी होण्याच्या टोकाला पोचतात, त्यातून ३.४ कोटी डायलिसिसची भर पडते आणि एका वेळेला सुमारे २,००० रुपये लागतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं. पण आठवड्याला दोन-तीन खेपा, एसटीचं भाडं आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी कुठल्या योजनेत बसते?

आर्वीकडचे एक संत्रा बागायतदार माझ्याकडे यायचे. डायलिसिसवर होते. पोटॅशियम वाढतं म्हणून संत्रं बंद, स्वतःच्याच बागेतलं. ते त्यांनी सोसलं. मे महिना मात्र त्यांना सोसवत नसे. बाहेर ४५-४६ अंश, आणि लघवी जवळजवळ थांबलेली, म्हणून पाणी मोजून, दिवसाला लिटरभर, तेही चहा-वरण धरून. बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचे. यंत्र मात्र मिनिटाला अर्धा लिटर द्रावण घेतं, म्हणजे चार तासांत १२० लिटर. ते पाणी आधी आरओतून शुद्ध करायचं, त्यात आणखी किती वाया जातं ते वेगळंच. एकदा त्या यंत्राकडे बघत म्हणाले, "डाक्टरसाहेब, याले किती बी चालते, अन् मले घोटभर नाही."

म्हणून माझं मत सरळ सांगतो. यंत्राच्या अलीकडे काम कर. माणूस डायलिसिसच्या खुर्चीवर येण्याआधीची दहा-पंधरा वर्षं कुठे जातात, ते शोध.

सुरुवात क्रिएटिनिनपासून कर, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट तीच आहे. समज, साठ वर्षांची शेतमजूर बाई आहे, वजन ४० किलो, क्रिएटिनिन १.२. अनेक लॅबच्या कागदावर एवढं नॉर्मलमध्येच जातं. आता किडनी मिनिटाला किती मिली गाळते हे काढायला हेच कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्रात घाल, उत्तर येतं ३१. सीकेडी-ईपीआयच्या २०२१च्या सूत्रात घाल, उत्तर येतं ५२. एकात वजन आहे, दुसरं शरीराचा एक ठरावीक आकार धरून चालतं. पहिलं सूत्र १९७६ मध्ये कॅनडातल्या २४९ रोग्यांवरून बसवलं, तेही बहुतेक पुरुष. दुसऱ्यामागची माणसं मुख्यतः अमेरिकेतली. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. जिच्या अंगावर मांसच नाही आणि ताटात बहुतेक भाकरी-वरण, तिचं क्रिएटिनिन आधीच कमी, मग किडनी अर्ध्याहून जास्त गेलेली असली तरी आकडा साळसूद दिसतो. त्या बाईची किडनी नक्की किती काम करते, हे आयोहेक्सॉल नावाचं द्रव्य टोचून, ठरावीक वेळाने रक्त घेऊन मोजल्याशिवाय कळायचं नाही. ते मोजायचं काम आपल्या माणसांवर झालं पाहिजे, नुसत्या शहरी किडनीदात्यांवर नाही.

आणि रोग्याला तर काहीच जाणवत नाही. मी किडनी म्हटलं की ठरलेलं उत्तर येई, "लघवी त होते न बराबर, मंग किडनी खराब कायची?" लघवी बहुतेकदा शेवटपर्यंत होत राहते, हे समजावता समजावता माझी निम्मी ओपीडी जायची. तोवर हा माणूस सांधेदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खातच असतो, दिवसभर उन्हात निंदण-वेचणीला वाकलेला असतो. मध्य अमेरिकेतले ऊसतोड कामगार, श्रीलंकेतले भातशेतकरी, आंध्रातलं उद्दानम, सगळीकडे कारण न सापडलेला किडनीचा आजार शेतात राबणाऱ्यांनाच जास्त गाठतो. उष्णतेवर बोट ठेवलं जातं, पाण्यावर, औषधांवर. आपल्याकडचं मला सांगता येणार नाही, आणि ऐकीव गोष्टींवरून तूही ठरवू नकोस.

सिकलसेल विसरू नको. आपल्या विदर्भात तो घरोघरी नसला तरी वस्तीवस्तीत आहे. त्या मुलांची किडनी लहानपणीच लघवी घट्ट करायचं विसरते. मूल रात्री उठून उठून पाणी पितं, आणि घरचे म्हणतात अंथरूण ओलं करतं. या मुलांत क्रिएटिनिन उलट कमी येतं, कारण सुरुवातीला किडनी गरजेपेक्षा जास्तच गाळत असते. डॉक्टर खूश, आणि आत झीज चालू.

तू लिहितेस, वर्ध्यात बसून जगाच्या तोडीचं काम कसं होईल. आरोग्य कर्मचाऱ्यांतल्या सुप्त क्षयरोगावरचा ७२६ जणांचा अभ्यास वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात झाला आणि २००५ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याहून तुझ्या कामाचा म्हणजे तिथल्याच डॉ. एस. पी. कलंत्री आणि सहकाऱ्यांचा साप चावलेल्यांवरचा लेख, २००६चा. २००० ते २००३ मध्ये दाखल झालेले २७७ रोगी. कोण दगावेल हे आधी कशावरून ओळखावं, एवढाच प्रश्न. उत्तरात तीन गोष्टी आल्या : उलट्या, मज्जातंतूंवरचा परिणाम आणि वाढलेलं क्रिएटिनिन. यात कुठलंही महागडं यंत्र नव्हतं. रोग्यांच्या नोंदी होत्या आणि त्या कोणीतरी शिस्तीने ठेवल्या होत्या.

घोणस चावली की मी काय करायचो ते सांगतो. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, स्टँडवर ठेवायचं, घड्याळ बघायचं. मधे कोणी नळी हलवू नये म्हणून तिथेच उभं राहायचं. वीस मिनिटांनी एकदाच आडवी करायची. रक्त वाहिलं तर गोठण्याचे घटक संपले, सर्पविषावरचं सिरम सुरू. मग लघवीच्या पिशवीकडे लक्ष. ती लाल झाली, मग थांबली, की डायलिसिसला न्यायला गाडी सांगायची. अशा रोग्याला थोडेच दिवस डायलिसिस लागतं आणि बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत किडनी पुन्हा चालू होते. माझ्या मते डायलिसिसचा सगळ्यात सुंदर उपयोग हाच. पण घरी गेलेला हा माणूस पाच वर्षांनी कसा आहे, हे कोण बघतं? तो बरा झाला असं धरून त्याची फाईल बंद होते. हा विषय घेतलास तर मला फार आनंद होईल.

सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये, गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सुशीला नायरांनी सुरू केलं. तिथली प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, गावातच मुक्काम करते. तिथल्याच डॉ. उल्हास जाजूंनी हंगामात ज्वारी गोळा करून दवाखान्याचा विमा चालवला, ज्याची जेवढी ऐपत तेवढी ज्वारी. याचा तुला उपयोग काय, तर ज्या गावांत डॉक्टरांचं जाणं-येणं मुरलेलं आहे तिथे दहा वर्षांनीसुद्धा माणूस दार उघडतो. मुंबईत तुझे सहा महिन्यांपूर्वीचे रोगी सापडत नाहीत, असं तूच लिहिलं आहेस.

आता तुझ्या अभ्यासाच्या मसुद्याबद्दल. लघवीतलं अल्ब्युमिन सकाळच्या पहिल्या नमुन्यात तपासायचं लिहिलंस, ते बरोबर. पण नमुने गोळा करायची वेळ ९ ते ११ टाकली आहेस. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया उजाडता उजाडता शेतात जातात. नऊ वाजता तुला म्हातारे आणि पोरं भेटतील, आणि तुझा सगळा अभ्यास त्यांचाच होईल. डब्या आदल्या संध्याकाळी घरोघर वाटाव्या लागतील आणि पहाटे गोळा कराव्या लागतील. म्हणजे तुझ्या टीमला मुक्काम गावातच करावा लागणार. शाळेची खोली मिळते, सरपंचाशी मी बोलतो. डिसेंबरात येणार असशील तर रजई घेऊन ये, इकडे थंडी चांगलीच पडते. आणि नमुन्यांसाठी शीतपेटी बजेटमध्ये टाकायची राहून गेलीय, ती टाक.

तुझा,
मामा